डेस्टिनी (व्हिडिओ गेम)

डेस्टिनी हा बंजी या अमेरिकन कंपनीने विकसित केलेला आणि ॲक्टिव्हिजनने प्रकाशित केलेला नेमबाजीचा व्हिडिओ गेम आहे. ९ सप्टेंबर २०१४ रोजी तो प्लेस्टेशन ३, प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स ३६० आणि एक्सबॉक्स वन या चार गेम कन्सोलांसाठी एकाच वेळी प्रसिद्ध झाला. यातील जग खेळाडूला पात्राच्या डोळ्यांतून दिसते. अशा खेळांना 'फर्स्ट-पर्सन शूटर' म्हणतात. खेळण्यासाठी इंटरनेट जोडणी आवश्यक असते. तुटक कथानक आणि त्याच त्या कामांची पुनरावृत्ती यांमुळे या खेळावर बरीच टीका झाली. मात्र मित्रांच्या सोबतीने, विशेषतः सहा जणांच्या 'रेड' या मोहिमेत, हाच खेळ कमालीचा रंगतो, असेही अनेक समीक्षकांनी नोंदवले.

पार्श्वभूमी

बंजी ही कंपनी 'हेलो' या खेळमालिकेमुळे प्रसिद्धीस आली. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टपासून स्वतंत्र झाल्यावर तिने २०१० मध्ये ॲक्टिव्हिजनशी दहा वर्षांचा करार केला. त्या करारातून डेस्टिनीची निर्मिती झाली. कथालेखनाशी संबंधित असलेले जोसेफ स्टेटन यांनी २०१३ मध्ये कंपनी सोडली. पत्रकार जेसन श्रायर यांच्या वृत्तांतानुसार, प्रकाशनास साधारण वर्ष उरले असताना मूळ कथा बाजूला ठेवून तिची नव्याने जुळणी करण्यात आली. कथानकातील विस्कळीतपणाचे हे एक प्रमुख कारण मानले जाते.

खेळाचे स्वरूप

खेळाडू 'गार्डियन', म्हणजे रक्षक, असतो. टायटन, हंटर आणि वॉरलॉक या तीन वर्गांतून त्याला एकाची निवड करावी लागते. पृथ्वी, चंद्र, शुक्र आणि मंगळ या ठिकाणी शत्रूंशी लढून तो शस्त्रे व चिलखते मिळवतो. कथेतील प्रसंग एकट्याने किंवा तिघांच्या तुकडीने खेळता येतात. 'स्ट्राइक' या मोहिमा तिघांसाठी, तर 'रेड' सहा जणांसाठी असते. खेळाडूंनी परस्परांविरुद्ध लढण्याच्या विभागास 'क्रूसिबल' असे नाव आहे.

उणिवा

कथेतील 'ट्रॅव्हलर' हा गूढ गोल, त्याचा वैरी असलेला अंधकार आणि विविध शत्रुजाती यांचा उलगडा प्रत्यक्ष खेळात फारसा होत नाही. त्यांची माहिती 'ग्रिमोअर' नावाच्या पत्त्यांवर दिलेली होती; पण ते पत्ते वाचण्यासाठी खेळातून बाहेर पडून कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइल ॲपवर जावे लागे. खेळाडूचा सोबती असलेल्या 'घोस्ट'ला अभिनेते पीटर डिंक्लेज यांनी दिलेला आवाज अनेकांना निर्जीव वाटला.

बक्षिसांची पद्धतही सदोष होती. जांभळ्या रंगाचा दुर्मीळ 'एनग्राम' उघडल्यावर त्यातून कमी दर्जाची वस्तू निघत असे. परिणामी अनेक खेळाडू एका गुहेच्या तोंडाशी दूर उभे राहून, आतून पुन्हा पुन्हा येणाऱ्या शत्रूंवर तासन्तास गोळ्या झाडत बसत. ही 'लूट केव्ह' बंजीने सप्टेंबर २०१४ मध्येच निकामी केली. पुढच्या महिन्यात एनग्रामची पद्धतही सुधारण्यात आली.

व्हॉल्ट ऑफ ग्लास

शुक्रावर घडणारी 'व्हॉल्ट ऑफ ग्लास' ही पहिली रेड १६ सप्टेंबर २०१४ रोजी खुली झाली. काय करायचे हे खेळ येथे सांगत नाही. सहा जणांनी मिळून ते शोधायचे असते. अखेरचा शत्रू एथिऑन सहांपैकी तिघांना भूतकाळात किंवा भविष्यकाळात पाठवतो. मागे राहिलेल्या तिघांना परतीचे योग्य द्वार उघडावे लागते. पलीकडे गेलेल्यांपैकी एक जण ढाल उचलून साथीदारांच्या डोळ्यांपुढे दाटणारा अंधार दूर करतो आणि इतर ठरावीक वेळेत तेथील लक्ष्ये नष्ट करतात. एकाची चूक सर्वांना भोवते. त्यामुळे नेमबाजीइतकेच सतत बोलत राहणे आणि आपापले काम सांभाळणे महत्त्वाचे ठरते.

या मोहिमेसाठी अनोळखी साथीदार आपोआप जुळवून देण्याची सोय मात्र ठेवलेली नव्हती. एवढा समन्वय परिचितांमध्येच साधेल, अशी कंपनीची भूमिका होती. तीत तथ्य असले तरी, ज्यांच्याजवळ हा खेळ खेळणारे पाच मित्र नव्हते त्यांच्यासाठी खेळाचा सर्वोत्तम भागच बंद राहिला. शिवाय आरंभी ३० ही सर्वोच्च पातळी गाठण्यासाठी रेडमध्ये मिळणारे चिलखत आवश्यक होते. त्यामुळे एकट्या खेळाडूची प्रगतीही अडत असे. खेळाडू मग इतर संकेतस्थळांवर साथीदार शोधू लागले.

प्रतिसाद

मेटाक्रिटिक या समीक्षा-संकलक संकेतस्थळावर प्लेस्टेशन ४ आवृत्तीस १०० पैकी ७६ गुण मिळाले. बंजीच्या पूर्वीच्या खेळांच्या मानाने हे गुण कमी होते. बंदूक चालवण्याचा अनुभव, दृश्ये आणि संगीत यांची प्रशंसा झाली. मार्च २०१५ मध्ये या खेळाला ब्रिटिश अकादमीचा (बाफ्टा) सर्वोत्कृष्ट खेळाचा पुरस्कार मिळाला.

पुढील वाटचाल

सप्टेंबर २०१५ मधील 'द टेकन किंग' या विस्ताराने कथेची मांडणी सुधारली. घोस्टचे संवाद नोलन नॉर्थ यांच्या आवाजात पुन्हा ध्वनिमुद्रित करण्यात आले. २०१७ मध्ये डेस्टिनी २ प्रसिद्ध झाला. त्यात एकट्या खेळाडूला एखाद्या गटासोबत रेडमध्ये सहभागी होता यावे म्हणून 'गायडेड गेम्स' ही सोय देण्यात आली. २०१९ मध्ये बंजी व ॲक्टिव्हिजन विभक्त झाल्या आणि २०२२ मध्ये सोनीने बंजी विकत घेतली. व्हॉल्ट ऑफ ग्लास २०२१ मध्ये डेस्टिनी २ मध्ये परत आणण्यात आली. खेळातच साथीदार शोधून तुकडी जमवण्याची 'फायरटीम फाइंडर' ही व्यवस्था २०२३ च्या अखेरीस, म्हणजे पहिल्या रेडनंतर नऊ वर्षांनी, उपलब्ध झाली.