पोथीतले पाठभेद आणि वेताळाचा देश

कलबुर्गी जिल्ह्यात, अफझलपूर तालुक्यात, भीमा आणि अमरजा या नद्यांच्या संगमापाशी गाणगापूर हे क्षेत्र आहे. तेथे येणाऱ्या यात्रेकरूच्या वळकटीत बहुधा लाल फडक्यात बांधलेली एक पोथी असते. ती गुरुचरित्राची. एकाच ओवरीत दोन वाचक पारायणाला बसले आणि बोलता बोलता असे निघाले की एकाची पोथी बावन्न अध्यायांची आहे व दुसऱ्याची त्रेपन्न, तर तेथे वादाला तोंड फुटण्यास वेळ लागत नाही. एकाला वाटते की शेजाऱ्याच्या पोथीत कोणी तरी पदरचे घातले आहे. दुसऱ्याला वाटते की पहिल्याच्या पोथीतून काही तरी गळाले आहे. आपल्या हातातील प्रतीविषयी शंका मात्र दोघांनाही येत नाही. घरात वाडवडिलांनी वाचली ती पोथी खरी, हा दोघांचाही सिद्धान्त.

गुरुचरित्र हा ग्रंथ याच मातीतला. ग्रंथकर्ता सरस्वती गंगाधर हा सायंदेवाच्या वंशातला. सायंदेवाचे गाव म्हणून परंपरा जे दाखविते ते कडगंची आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद तालुक्यात आहे. कवीची घरची भाषा कन्नड होती आणि मराठीवर आपला अधिकार नाही असे त्याने स्वतःच नम्रपणे सांगून ठेवले आहे. तरीही त्याने रचलेली मराठी पोथी महाराष्ट्राच्या घराघरांत गेली. या ग्रंथात बीदरही आहे. श्रीपाद श्रीवल्लभांची सेवा करणारा एक परीट पुढील जन्मी बीदरचा यवन राजा होतो, त्याच्या मांडीला दुर्धर स्फोटक होतो आणि नृसिंहसरस्वतींच्या दर्शनाने तो बरा होतो, ही कथा शेवटच्या अध्यायांत येते. संकटात हाक मारावी आणि अलौकिक सामर्थ्याच्या पुरुषाने धावून यावे, हे या ग्रंथाचे सूत्र आहे.

असा ग्रंथ शतकानुशतके हाताने उतरवला गेला. उतरविणारे अनेक, त्यांची अक्षरे वेगळी, त्यांच्या पुढ्यातील प्रतीही वेगळ्या. मग अध्यायांची संख्या कोठे ५१, कोठे ५२, कोठे ५३ झाली. गुरुगीतेचा भाग एका प्रतीत आला, दुसरीत आला नाही. सप्ताहात कोणत्या दिवशी किती अध्याय वाचावेत याची वाटणीही प्रतीगणिक बदलली. पुढे छापखाने आले आणि ज्या घरात जी छापील पोथी गेली तीच त्या घराची मूळ पोथी ठरली. रामचंद्र कृष्ण कामत यांच्यासारख्या संशोधकांनी जुन्या प्रती ताडून पाठ निश्चित करण्याचा खटाटोप केला, तेव्हा अभ्यासकांनी त्याचे स्वागत केले. परंतु श्रद्धाळू वाचकाचा प्रश्न निराळाच असतो. शुद्ध पाठ कोणता हे तो विचारीत नाही. आपला पाठ कोठे गेला, हे विचारतो.

हाच प्रश्न विसाव्या शतकात अगदी वेगळ्या वेषात पुन्हा उभा राहिला. वेष होता जांभळा, घट्ट अंगरख्याचा; चेहऱ्यावर बुरखा, बोटात कवटीची अंगठी. महाराष्ट्रातील आणि सीमेवरील मराठी मुलांनी त्याला वेताळ या नावाने ओळखले.

अमेरिकेतील लेखक ली फॉक याची ही चित्रमालिका १७ फेब्रुवारी १९३६ रोजी तेथील दैनिकांत सुरू झाली. सन १५३६ मध्ये चाच्यांनी एका जहाजावर हल्ला केला. त्यातून वाचलेल्या तरुणाने आपल्या पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून अन्यायाशी झुंजण्याची शपथ घेतली. तेव्हापासून पित्यामागून पुत्र तोच वेष घेत आला, म्हणून अरण्यातील लोक त्याला अमर समजतात, अशी ही कथा. वाचकांपुढे येणारा नायक या मालिकेतील एकविसावा. भारतात तो प्रथम ‘इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया’च्या पानांतून आला आणि मार्च १९६४ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या प्रकाशनसंस्थेने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केल्यावर देशी भाषांतून घरोघर पोहोचला. मराठीत त्याला मिळालेले नाव मोठे मार्मिक होते. वेताळ हा मराठी मुलखाला परका नाही. गावच्या शिवेवर शेंदूर फासलेल्या दगडाच्या रूपाने तो पूर्वीपासून उभा आहे, आणि कन्नड मुलखातही बेताळ म्हणून तो ठाऊक आहे. परदेशी नायकाला शिवेवरच्या राखणदाराचे नाव मिळाले आणि तो एका दिवसात आपला झाला.

परंतु तो आपला होत असताना त्याच्या कथेत काही फेरफार झाले होते, आणि वाचकांना त्यांचा पत्ता नव्हता. मूळ चित्रमालिकेत चाच्यांच्या टोळीचे नाव सिंग असे होते. भारतीय आवृत्तीत ती सिंगा झाली. मूळ कथेतील देशाचे नाव बंगालची आठवण करून देणारे होते. भारतीय आवृत्तीत तो देश डेंकाली झाला. रामा नावाचा खलपुरुष रामालू झाला. यामागचा हेतू उघड दिसतो. ज्या देशात लक्षावधी लोक सिंग हे नाव अभिमानाने लावतात, जेथे राम हे घरोघरचे नाव आहे, तेथे चाच्यांना आणि खुन्यांना ती नावे ठेवणे कोणालाही रुचले नसते. पुढे १९९६ साली अमेरिकेत या नायकावर चित्रपट निघाला, तेव्हा तेथील निर्मात्यांनीही टोळीच्या नावाचे स्पेलिंग बदलून ‘सेंघ’ केले. भारतीय संपादकांना तीस वर्षे आधी जे उमगले होते, ते हॉलिवूडलाही अखेर उमगले.

आणि मूळ तरी स्थिर होते काय? प्रारंभीच्या कथांत वेताळाचे अरण्य पूर्वेकडील समुद्रांच्या आसपास कोठे तरी होते. पुढे फॉकनेच ते आफ्रिकेत नेले. एका गोऱ्या पुरुषाने अरण्यवासीयांवर सत्ता गाजवावी, हे जुने वसाहतकालीन चित्र १९६० नंतरच्या जगात टिकणारे नव्हते. तेव्हा त्या देशाला डॉ. लुआगा नावाचा कृष्णवर्णीय, लोकनियुक्त अध्यक्ष मिळाला. चित्रकार बदलले, रे मूर गेला, विल्सन मॅकॉय आला, १९६१ मध्ये मॅकॉय वारल्यानंतर साय बॅरी आला, आणि प्रत्येकाबरोबर नायकाचा चेहरा थोडाथोडा पालटला. वेषाच्या रंगाचे तर विचारूच नये. फॉकच्या मनात करडा रंग होता. १९३९ मध्ये रविवारची रंगीत पुरवणी निघाली तेव्हा छपाईत तो जांभळा झाला. स्वीडनमध्ये तोच निळा आहे, इटलीत तांबडा. तेथील वाचकांना जांभळा वेताळ दाखविला तर तो तोतया वाटेल. १९७७ मध्ये फॉकने आपल्या नायकाचे डायनाशी लग्न लावून दिले. एक्केचाळीस वर्षे चाललेली प्रतीक्षा संपली. परंतु ती प्रतीक्षा हाच कथेचा गोडवा आहे असे मानणारे वाचकही होतेच.

वाचकांची ही तक्रार जगभर ऐकू येते. १८९३ मध्ये कॉनन डॉयलने शेरलॉक होम्सला कड्यावरून लोटले आणि वाचकांच्या आग्रहापुढे नमून पुढे त्याला परत आणले. सुपरमॅन १९३८ मध्ये जन्मला; १९९२ मध्ये प्रकाशकांनी त्याचा मृत्यू दाखविला तेव्हा तो अंक घेण्यासाठी दुकानांपुढे रांगा लागल्या. २०११ मध्ये त्याच्या वेषातील तांबडी चड्डी काढली गेली आणि २०१८ मध्ये ती पुन्हा आली. बाहेरच्या माणसाला हे हास्यास्पद वाटेल. पण ज्याने दहाव्या वर्षी त्या चित्रावर बोट ठेवून शब्द लावायला शिकले, त्याच्या दृष्टीने ती चड्डी नसते. बालपणाची खूण असते.

‘इंद्रजाल’ १९९० मध्ये बंद पडले. पुढे जुने अंक जपणाऱ्यांना मूळ अमेरिकी पट्ट्यांची परदेशी पुनर्मुद्रणे पाहावयास मिळू लागली आणि त्यांनी दोन्ही शेजारी ठेवून वाचली. तेव्हा एक चमत्कार घडला. आपल्याला बदललेली कथा वाचावयास मिळाली होती हे कळूनही, यांतील कित्येकांना मूळ नावेच खोटी वाटली. डेंकाली हा त्यांचा देश होता. तो नकाशावर नव्हता, पण त्यांच्या स्मरणात त्याच्या वाटा पक्क्या होत्या. संपादकाने केलेला बदल एका पिढीच्या आत मूळ ठरला होता. गाणगापूरच्या ओवरीतील दोन वाचक आणि हे वाचक यांत मग अंतर किती उरते? भक्ती आणि करमणूक यांची तुलना कोणी करू नये. परंतु पाठावर जडणारे मन एकाच मातीचे असते.

मग वाचकाची तक्रार केवळ हट्ट म्हणून सोडून द्यावी काय? तसे म्हणता येणार नाही. बदल अनेक कारणांनी होतात. लेखनिकाच्या डुलकीने होतात, लोकांचा स्वाभिमान राखण्यासाठी होतात, काळाबरोबर न्यायबुद्धी जागी झाल्याने होतात, आणि निव्वळ खप वाढावा म्हणूनही होतात. यांतील पहिला सुधारावा, दुसरा व तिसरा स्वीकारावा, चौथा ओळखून ठेवावा. परंतु हे ओळखण्यासाठी मुळात काय होते आणि काय बदलले, हे वाचकाला कळले पाहिजे. पोथीचा प्रामाणिक संशोधक तळटीपेत पाठभेद देतो. अमुक ओवी अमुक प्रतीत नाही, असे सांगतो. मग भक्ताला आपला पाठ ठेवावयाचा तर तो ठेवील. निदान त्याची फसवणूक झाली असे त्याला वाटणार नाही. चित्रकथेच्या अंकात अशी एक ओळ छापण्यास फारशी जागा लागली नसती. वाचकाला खुपते ते बदलापेक्षा बदलाविषयीचे मौन.

बीदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांना हे कोणी शिकवावयास नको. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले. जुन्या बीदर जिल्ह्यातून उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मराठी मुलखाकडे गेले; बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात राहिले; काही भाग आंध्रकडे गेला. १९७३ मध्ये म्हैसूर राज्याचे कर्नाटक झाले. २०१४ मध्ये गुलबर्ग्याचे अधिकृत नाव कलबुर्गी झाले. कन्नड माणसाच्या तोंडी ते पूर्वीपासूनच होते, तेव्हा त्याच्या दृष्टीने हा बदल नव्हताच, शुद्ध पाठाची पुनःस्थापना होती. घरी मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दखनी बोलणाऱ्या येथील वृद्धाला मात्र गाडीचे तिकीट मागताना अजून गुलबर्गाच आठवते. दोघेही खरे बोलतात. ज्याने जे आधी वाचले, ते त्याचे मूळ.

कन्नडभाषी कवीने मराठीत लिहिलेली पोथी या सीमेवर आजही वाचली जाते. तिच्या अध्यायांची संख्या प्रत्येक घरात एकच असेल असे नाही. संगमावरचा वाद संध्याकाळपर्यंत चालतो. मग आरतीची घंटा वाजते, दोघेही आपापली पोथी फडक्यात बांधतात आणि दर्शनाच्या एकाच रांगेत जाऊन उभे राहतात.