दोन फेऱ्या, एक जागा

कल्याणच्या कॉलेजात पुणे करार शिकवताना मी विद्यार्थ्यांना त्याचे दुसरे कलम वाचायला लावतो. उपोषण सर्वांना ठाऊक असते. हे कलम सहसा कोणाला ठाऊक नसते.

२४ सप्टेंबर १९३२ च्या या कराराने प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा दिल्या. प्रत्येक जागेसाठी त्या मतदारसंघातील अस्पृश्य मतदारांचे एक निर्वाचक मंडळ. त्याने प्राथमिक फेरीत चार उमेदवार निवडायचे. त्या चारांतून एकाला संयुक्त मतदारांनी अंतिम फेरीत निवडायचे.

म्हणजे एका जागेसाठी आमच्या मतदाराने दोनदा केंद्रावर जायचे. रोजंदारीवर जगणाऱ्याची दोनदा मजुरी बुडणार. एवढे करूनही प्राथमिक फेरीत चौथा आलेला शेवटी पहिला ठरू शकत होता. चौघांना निवडण्याचा अधिकार आमचा. त्यांतला एक ठरवण्याचा अधिकार बहुसंख्यांचा.

१९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई प्रांतात १५ पैकी ११ राखीव जागा जिंकल्या, हे खरे. पण १९४६ साली याच प्रांतात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला एकही जागा मिळाली नाही.

संविधानाने प्राथमिक फेरी ठेवली नाही. संयुक्त मतदारसंघ ठेवला. आमच्या शेजारचा अंबरनाथ विधानसभा मतदारसंघ २००९ च्या निवडणुकीपासून राखीव आहे. उमेदवार आमच्यातला, मतदार सगळे. मग निवडून आलेल्याने जाब कोणाला द्यायचा?

कायद्यातली पहिली फेरी गेली. वस्तीवस्तीत बसून आपला माणूस ठरवण्याची फेरी मात्र आपणच घ्यायला हवी.