बोर्डाची शाळा

मंडळी, जानेवारी २०२३ मधल्या एका शनिवारी मी चक्क मतदान केलं. तेही ओमानमध्ये!

दचकू नका. मी अजून भारतीयच आहे आणि सुलतानाने आम्हाला काही मताधिकार बहाल केलेला नाही. मी राहतो कुरुममध्ये. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खारफुटीचं राखीव रान आणि जवळच मिना अल फहल, जिथून १९६७ साली ओमानचं पहिलं तेल बोटीत चढलं. घर भाड्याचं, मुक्काम परवान्यावरचा. इथल्या मजलिस अश-शूराच्या निवडणुकीत २००३ पासून सगळ्या प्रौढ ओमानी स्त्री-पुरुषांना मत आहे. ते आमच्यासारख्या परदेशी नोकरदारांना असण्याचा प्रश्नच येत नाही. बरं, गावाकडचं मत? २०१० च्या कायदादुरुस्तीनंतर अनिवासी भारतीयाला मतदारयादीत नाव घालता येतं, पण बटण दाबायला जातीने केंद्रावर हजर राहावं लागतं. म्हणजे एका मताची किंमत विमानाचं जाऊन-येऊन तिकीट.

मग उरते एकच निवडणूक. पोरांच्या शाळेची.

इंडियन स्कूल मस्कत ही शाळा सुरू झाली १९७५ साली. तेलाच्या पैशावर देश उभा राहत होता, आपले लोक बायकामुलांसह येऊ लागले होते, आणि मुलांना शिकवायचं कुठे हा प्रश्न होता. आज ओमानभर वीसच्या वर भारतीय शाळा आहेत. पार सूर, इब्री, निझवा, मसिरा बेटापर्यंत. त्या सगळ्यांवर एक संचालक मंडळ असतं आणि त्यातल्या पाच जागा पालकांच्या मतांनी भरल्या जातात. मत मात्र फक्त इंडियन स्कूल मस्कतच्या पालकांना. माझी मुलगी तिथे, म्हणून मला मत.

त्या दिवशी शाळेबाहेर अगदी आपल्याकडच्यासारखं दृश्य होतं. एरवी टाय लावून ऑफिसात बसणारे लोक हात जोडून उभे. मुद्दे काय? फी, बस, दप्तराचं ओझं, शिक्षकांच्या रिकाम्या जागा. कुणी देश महान करण्याचं आश्वासन दिलं नाही, त्यामुळे फार बरं वाटलं! मत देऊन दारसैतहून कुरुमला परत येताना मला आजोबांची आठवण झाली.

आजोबा लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर होते, सातारा जिल्ह्यात. फायनल पास. लहानपणी त्यांच्या तोंडी "बोर्ड" हा शब्द आला की मला वाटायचं, फळ्याबद्दल बोलतायत. "बोर्डाने बदली केली", "बोर्ड नाराज झालं" असं ते म्हणायचे आणि मी विचारात पडायचो की फळा नाराज कसा होतो! पुढे कळलं की बोर्ड म्हणजे जिल्ह्याच्या गावी बसणारी काही वजनदार माणसं. त्यातल्या एखाद्याच्या पाव्हण्याच्या पोराला मास्तरांनी नापास केलं, की मास्तरांची ट्रंक दोन डोंगरांपलीकडच्या गावाला निघालीच म्हणून समजा.

ही माणसं तिथे बसली कशी, त्याची गोष्ट मजेशीर आहे आणि थोडी कडूही.

गावातल्या शाळेचे पैसे गावाने आधी दिले, हक्क खूप नंतर आला. मुंबई इलाख्यात १८६० च्या दशकात शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयावर एक आणा जादा पट्टी बसली. तिला लोकल फंड म्हणत. त्यातला तिसरा हिस्सा शाळांना आणि बाकीचा मुख्यतः रस्त्यांना जायचा. म्हणजे कुणब्याचा आणा शाळेत जात होता, पण कुणब्याचं पोर जात होतंच असं नाही. १८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर कमिशनपुढे नेमकं हेच मांडलं. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांकडे जातो, असं त्यांचं म्हणणं होतं. बाराव्या वर्षापर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा आणि मास्तर शेतकरी समाजातून घ्या, अशीही त्यांची मागणी होती.

त्याच वर्षी मे महिन्यात लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला आणि १८८४ साली मुंबई इलाख्याचा लोकल बोर्डांचा कायदा झाला. जिल्हा आणि तालुका बोर्डांवर थोडे लोक निवडून जाऊ लागले. पण निवडून देणार कोण? ठराविक सारा भरणारे आणि मालमत्तेवाले. कूळ, मजूर, गावकुसाबाहेरचे लोक त्या हिशेबात नव्हतेच.

पुढे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं. त्यातही सक्ती लागू करायचं काम त्यांनी स्थानिक संस्थांवर सोपवलं होतं. मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. त्यानंतर अकरा वर्षांनी, रँग्लर परांजपे मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री असताना, १९२३ चा प्राथमिक शिक्षण कायदा झाला आणि शाळा स्थानिक संस्थांच्या ताब्यात गेल्या. शाळांसाठी वेगळी स्कूल बोर्डं झाली. हेच ते आजोबांचं बोर्ड! पण यातली मेख पाहा. स्कूल बोर्डाचे सभासद निवडायचे ते लोकल बोर्डाच्या सभासदांनी. ज्याचं पोर त्या शाळेत जातं त्या बापाला, बाप म्हणून, मत नव्हतंच. आईचं तर नावच नको. मास्तरांच्या नेमणुका आणि बदल्या हे राजकारणाचं चलन झालं. शेवटी १९३८ साली कायदा दुरुस्त करून सरकारने शाळा-तपासणी परत आपल्याकडे घेतली. १९४७ मध्ये नवा कायदा आला, आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्यावर बोर्डाची शाळा "झेडपीची शाळा" झाली. आजोबा मात्र शेवटपर्यंत बोर्डच म्हणत.

आता कुणी म्हणेल, कशाला हवीत ही मतं आणि ही बोर्डं? शहाणा राजा असला की काम फत्ते! आणि त्यात तथ्य आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेलीत सक्तीचं शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सबंध बडोदा संस्थानाला लागू केलं. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात तेच केलं. पोर शाळेत पाठवलं नाही तर आईबापाला महिना एक रुपया दंड. १९१९ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळाही बंद करून टाकल्या. गोखल्यांना कौन्सिलात जे जमलं नाही ते या दोघांनी हुकमाने करून दाखवलं.

ओमानमध्ये तर मी याचा पुरावा रोज खिडकीतून बघतो. १९७० साली सुलतान काबूस गादीवर आले तेव्हा अख्ख्या देशात तीन शाळा होत्या आणि त्यात जेमतेम नऊशे विद्यार्थी, सगळे मुलगे. आज सकाळी कुरुमच्या रस्त्यावर शाळेच्या बसमधून उतरणाऱ्या ओमानी मुली पाहिल्या की हुकमाची ताकद कळते.

पण माझं मत विचाराल तर हुकमाने शाळा बांधली जाते. ती रोज नीट चालते की नाही हे बघायला तिथलं कुणीतरी लागतं. छप्पर गळतंय, मास्तर आठवडाभर आले नाहीत, मुलींच्या संडासाला कडी नाही, या गोष्टी राजाला दिसत नाहीत आणि जिल्ह्याच्या बोर्डालाही दिसत नाहीत. त्या दिसतात पोराच्या आईला.

आणि तिला खुर्ची मिळाली ती थेट २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने. त्याचं २१ वं कलम सांगतं की सरकारी आणि अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती हवी, तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बायका हव्यात. दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांनाही त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. एका आण्याच्या पट्टीपासून या खुर्चीपर्यंत यायला जवळजवळ दीडशे वर्षं लागली!

आमच्या गावच्या शाळेत चुलतभावाची बायको या समितीची अध्यक्ष झाली. निवडणूक कसली, पालकांच्या सभेला दहा-बारा जण आले होते. "वहिनी, तुम्ही व्हा" म्हणाले, झालं. पहिलं वर्ष ती नुसती सह्या करत होती. फोनवर मी थट्टेने म्हणायचो, "काय अध्यक्षीणबाई, काय म्हणतंय बोर्ड?" ती म्हणायची, "भावजी, कागद आणून देतात, मी सही करते."

मग २०२३ चा सप्टेंबर उजाडला. वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा सरकारचा विचार पुढे आला. राज्यात अशा सुमारे पंधरा हजार शाळा. आमच्या गावचा पट होता सतरा. समूह शाळा झाली तर पोरांना ओढा ओलांडून पलीकडच्या गावी जावं लागणार. पावसाळ्यात तो ओढा काय असतो ते मला ठाऊक आहे, मी त्यात चप्पल घालवलेली आहे. वहिनीने सभा बोलावली. या वेळी सगळे आले, शेतावरचं काम टाकून बायका आल्या. ठराव लिहिला, त्यावर सगळ्यांच्या सह्या-अंगठे घेतले आणि स्वतः तालुक्याला जाऊन पोच घेऊन आली. त्या ठरावाचं वजन किती हे मी सांगू शकत नाही. शाळा मात्र आजही तिथेच भरते. वहिनी एवढंच म्हणाली, "भावजी, आता कागद वाचल्याशिवाय सही करत नाही."

आजोबा असते तर त्यांना आधी खरंच वाटलं नसतं. बोर्ड म्हणजे ज्याला भ्यायचं ते, ही त्यांची समजूत. ते बोर्ड त्यांच्याच नातसुनेच्या नावावर!

इथे सूरला माझा एक मित्र असतो. दोन्ही मुलं तिथल्या भारतीय शाळेत. मी मत दिल्याचं कौतुकाने सांगितलं तर तो म्हणाला, "छान. आमचं मत कुणाला द्यायचं?" त्याच्यापाशी मतच नाही. मला उत्तर सुचलं नाही.

तेव्हा मंडळी, तुमच्या पोराच्या शाळेतून पालकसभेची चिठ्ठी आली तर ती फ्रिजवर लटकवून विसरू नका. जाऊन बसा. हात वर करायची संधी आली तर करा. आमच्यासारख्यांना एवढ्यासाठीसुद्धा नशीब लागतं.

असो. मुलीची बस यायची वेळ झाली, उठतो.