संतसंगतीचे सुख आणि पंगतीची मर्यादा : वारकरी परंपरेविषयी एक इतिहासविचार

प्रस्तावना

मराठी संतवाङ्मयात ईश्वरभेटीच्या ओढीइतकीच उत्कट अशी आणखी एक ओढ आढळते. ती म्हणजे भक्तांच्या भेटीची. मुक्तीचा विचार बाजूला सारून भक्तांचा सहवास मागावा, हा भाव वारकरी संतांच्या अभंगांत पुन्हा पुन्हा येतो. या सुखाचे विवेचन बहुधा अध्यात्माच्या किंवा काव्याच्या अंगाने केले जाते. प्रस्तुत निबंधात त्याकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. हे सुख कोणत्या व्यवस्थेतून निर्माण झाले, ते कोणाच्या वाट्याला आले आणि कोठे येऊन थांबले, हे येथे तीन प्रमुख प्रश्न आहेत. संतसंगतीचा आनंद ही केवळ व्यक्तिगत भावावस्था नव्हती. वारकऱ्यांनी तो शिस्तीने घडविला आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकविला. मात्र त्या आनंदाने भजनातील अंतर जितके मिटविले, तितके भोजनातील व मंदिरातील अंतर मिटविले नाही, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

संतमेळा : सुख आणि परीक्षा

तेराव्या-चौदाव्या शतकांत ज्ञानदेव (१२७५-१२९६) आणि नामदेव (१२७०-१३५०) यांच्याभोवती जो संतमेळा जमला, त्याची घडण विचारात घेण्याजोगी आहे. नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, चोखामेळा महार, जनाबाई दासी. प्रत्येकाची ओळख त्याच्या व्यवसायासह किंवा जातीसह टिकून राहिली. या मेळ्यात येण्यासाठी कोणी आपला धंदा सोडला नाही की संसार टाकला नाही. संन्याशांच्या मठाहून ही संगती वेगळी ठरते ती याच कारणाने. रोजचे काम करणारी माणसे काही काळ एकत्र येत आणि पुन्हा आपापल्या कामाला लागत. नामदेवांच्या नावावर असलेल्या तीर्थावळीच्या अभंगांत ज्ञानदेवांसह केलेल्या यात्रेचे वर्णन येते. तीर्थांच्या माहात्म्याबरोबरच बरोबरीच्या भक्ताचा सहवास हाही त्या वर्णनाचा विषय आहे.

तथापि ही संगती निव्वळ गोडव्याची नव्हती. गोरोबांनी थापटणे घेऊन जमलेल्या संतांच्या डोक्यांची परीक्षा केली आणि नामदेवांना कच्चे मडके ठरविले, ही कथा परंपरेने आवर्जून जपली आहे. त्यानंतर नामदेव औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांकडे गेले. या कथेची ऐतिहासिकता सिद्ध करता येणार नाही. परंतु ती जपणाऱ्या समाजाची समजूत तिच्यातून स्पष्ट होते. विठ्ठलाच्या लाडक्या भक्तालाही त्याचे उणेपण तोंडावर सांगण्याचा अधिकार मेळ्याला होता, आणि तो सांगणारा कुंभार होता. संतसंगतीचे सुख हे परस्परांना पारखण्याच्या या अधिकारासह आलेले सुख होते.

चोखामेळा : मेळ्यात आत, मंदिरात बाहेर

या सुखाची खरी कसोटी चोखामेळ्याच्या चरित्रात लागते. चोखामेळा, त्याची पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि मुलगा कर्ममेळा या साऱ्यांच्या नावावर अभंगरचना आहे. अस्पृश्य मानलेल्या एका कुटुंबाने मध्ययुगात निर्माण केलेले हे वाङ्मय संतमेळ्याच्या आधाराने उभे राहिले आणि टिकले. मंदिराचे दार मात्र चोखोबांना उघडले नाही. इ.स. १३३८ मध्ये मंगळवेढे येथे गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून त्यांचा अंत झाला. नामदेवांनी त्यांच्या अस्थी शोधून पंढरपुरास आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली, असे परंपरा सांगते.

येथे दोन संस्था समोरासमोर उभ्या राहिलेल्या दिसतात. संतमेळ्याने चोखोबांना आपले मानले. मंदिराने मानले नाही. मृत्यूनंतरही त्यांना मिळालेली जागा उंबरठ्याच्या बाहेरचीच होती. मेळ्याचे प्रेम त्यांच्या अस्थी तेथवर आणू शकले, त्यापुढे नेऊ शकले नाही.

सतराव्या शतकातील बहिणाबाईंच्या (१६२८-१७००) आत्मचरित्रपर अभंगांत याच ताणाचे दुसरे रूप दिसते. ब्राह्मण कुळातील या स्त्रीने तुकोबांना गुरू मानले. शूद्र गुरू केल्याबद्दल पतीचा रोष आणि मंबाजीचा छळ तिला सोसावा लागला. देहूत तुकोबांच्या कीर्तनश्रवणाने मिळालेले समाधान आणि त्यासाठी मोजावी लागलेली किंमत ही दोन्ही तिने सांगून ठेवली आहेत.

दिंडी : आनंदाची शिस्त

संतांच्या पश्चात ही संगती टिकली ती दिंडी, फड आणि पालखी या संस्थांमुळे. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आरफळ येथील हैबतराव बाबा यांनी आळंदीहून ज्ञानदेवांच्या पालखीचा स्वतंत्र सोहळा उभा केला. शिंदे सरकारच्या सेवेतून आलेल्या हैबतबाबांनी त्याला जवळजवळ लष्करी शिस्त दिली आणि अंकलीच्या शितोळे सरदारांनी घोडे व तंबू पुरविले. रथापुढे सत्तावीस दिंड्या आणि उरलेल्या रथामागे, हा क्रम आजही पाळला जातो.

दिंडीत विणेकरी, टाळकरी, मृदंगवादक, पताकाधारी, तुळशी घेतलेल्या स्त्रिया यांची स्थाने ठरलेली असतात. कीर्तनकार एकटा उभा राहत नाही. विणेकरी आणि टाळकरी त्याच्या मागे उभे राहून त्याला साथ देतात. मुक्कामाच्या ठिकाणी समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंच करतो आणि हजारो माणसे क्षणात शांत होतात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती टाळ वाजवीतच राहते. मग चोपदार तेथे जाऊन गाऱ्हाणे ऐकतो. आनंदाच्या सोहळ्यात गाऱ्हाण्यालाही नेमून दिलेली जागा आहे, ही बाब महत्त्वाची आहे. सामुदायिक आनंद ज्या व्यवस्थेवर उभा असतो, तिची दुरुस्ती रोजच्या रोज करावी लागते, हे वारकऱ्यांना पुरते ठाऊक होते.

भजन, काला आणि पंगत

वारकरी भेटले की परस्परांच्या पाया पडतात. वय आणि जात न पाहता पडावे, असा संकेत आहे. आषाढी पौर्णिमेस गोपाळपूर येथे काला होतो. दही-लाह्यांचा प्रसाद एकमेकांना भरविला जातो आणि वारीची सांगता होते. उष्ट्याचा विटाळ मानणाऱ्या समाजात हा विधी लहान नव्हता. परंतु काला एका दिवसाचा असतो आणि पंगत रोजची. इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात नोंदविले आहे की, त्यांच्या दिंडीत ब्राह्मण आणि मराठा वारकरी एकत्र चालत, एकत्र गात. स्वयंपाक आणि जेवण मात्र वेगवेगळे होई. वारीच्या सहवासाने भारावलेल्या या समाजशास्त्रज्ञ लेखिकेला ते अंतर बोचत राहिले. तिचा आनंद आणि तिची खंत ही एकाच अनुभवातून आली आहेत. म्हणूनच ती साक्ष विश्वसनीय वाटते.

मंदिरप्रवेशाचा प्रश्न

चोखोबांपुढे बंद राहिलेले दार उघडण्यासाठी विसाव्या शतकात साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरात उपोषण आरंभिले. १० मे रोजी मंदिर खुले करण्याचा निर्णय झाल्यावर ते सुटले. हे उपोषण तनपुरे महाराजांच्या मठात झाले, ही गोष्ट या निबंधाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. भक्तांच्या संगतीसाठी उभारलेल्या वास्तूतच त्या संगतीची मर्यादा ओलांडण्याचा आग्रह धरला गेला. पुढे १९७३ च्या कायद्याने मंदिराची व्यवस्था बदलण्यास आरंभ झाला आणि बडवे-उत्पातांचा वंशपरंपरागत हक्काचा दावा जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. संतमेळ्याने जे मनाने मान्य केले होते, ते मंदिरात उतरविण्यास सहा शतकांहून अधिक काळ लागला आणि त्यासाठी उपोषणाची व कायद्याची जोड घ्यावी लागली.

समारोप

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांत साथीमुळे पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका एस.टी. बसने पंढरपुरास नेण्यात आल्या. परंपरा खंडित झाली नाही आणि विधीही पार पडले. तरी घरी राहिलेल्या वारकऱ्याला वारी चुकल्याचीच हळहळ होती. वारीतील सुखाचे स्थान केवळ गाभाऱ्यात नसून वाटेवरच्या माणसांत आहे, हे त्या दोन वर्षांनी दाखवून दिले.

या सुखाचे दोन्ही अर्थ इतिहासाच्या अभ्यासकाने ध्यानी घ्यावयास हवेत. संतसंगती हा विषमतेवरचा केवळ मुलामा होता असे म्हटले, तर सोयराबाईंचा आणि बहिणाबाईंचा शब्द कोठून आला, याचे उत्तर मिळत नाही. उलट तिने विषमता नाहीशी केली असे म्हटले, तर महाद्वाराबाहेरची समाधी आणि दिंडीतील वेगळ्या चुली यांचा अर्थ लागत नाही. संतसंगतीने समतेचा अनुभव आधी दिला. तिची व्यवस्था लावण्याचे काम पुढील पिढ्यांवर राहिले. तो अनुभव ज्यांनी घेतला होता, त्यांनाच वेगळी पंगत अधिक खुपली, हेही या इतिहासात नोंदविले गेले पाहिजे.