पावणेदोन तोळे शिसे

बंगळूर शहरातून दक्षिणेची वाट धरली म्हणजे बन्नेरघट्ट्यापासूनच टेकड्या आणि झाडी सुरू होते. पुढे हे रान कावेरीच्या खोऱ्यात उतरते आणि नदीपलीकडे बिळिगिरीच्या रांगांना जाऊन मिळते. शिकारी वाङ्मयाला ह्या प्रदेशाने दोन नामांकित लेखक दिले. पहिले जॉर्ज सँडरसन. ते म्हैसूर सरकारच्या कालव्यांवरील अधिकारी होते. हत्ती पकडण्याच्या खेड्ड्यासाठी त्यांचे नाव झाले आणि रानातील तेरा वर्षांच्या अनुभवांवरचा त्यांचा ग्रंथ १८७८ साली निघाला. दुसरे केनेथ अँडरसन. त्यांचे आयुष्य बंगळुरात गेले. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या उद्योगातून १९४० साली येथे विमानांचा जो कारखाना उभा राहिला, त्यात ते पुढे नोकरीस होते. ह्या दोघांच्या पुस्तकांत वाचकाला गुंगवतात ते हत्ती आणि नरभक्षक वाघ. परंतु त्या थराराच्या मुळाशी एक अगदी रुक्ष, वाण्याच्या तराजूला शोभेल असा प्रश्न आहे: गोळी किती वजनाची असावी?

सँडरसन यांच्या आधीच्या पिढीला हा प्रश्न वेगळा पडतच नसे. गोळी गोल असे आणि नळीच्या रुंदीवरून तिचे वजन आपोआप ठरे. एक पौंड शिशाच्या जितक्या सारख्या गोळ्या होतील, तितक्या ‘बोअर’ची ती बंदूक. बारा बोअर म्हणजे पौंडाला बारा गोळ्या. आठ बोअर म्हणजे आठ. चार बोअरची एक गोळी पाव पौंडाची, म्हणजे आपल्या मापाने जवळजवळ दहा तोळ्यांची भरे! वजन वाढवायचे तर नळी रुंद करावी लागे, आणि तो लोखंडी बोजा खांद्यावर वागवावा लागे. निमाडचे डेप्युटी कमिशनर झालेले आणि सातपुड्याचे रान पायाखाली घातलेले कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांनी १८६३ साली शिकारी रायफलीवर एक पुस्तकच लिहिले व गोल गोळीची बाजू हिरिरीने मांडली. जंगलात बार जवळूनच टाकावा लागतो. तेथे दारू भरपूर भरलेली गोल गोळी सरळ जाते, असा त्यांचा दावा होता. आज तो जुनाट वाटतो, पण त्यातील निरीक्षण खोटे नव्हते.

लांबट गोळी आली आणि वजन नळीच्या रुंदीपासून सुटले. त्याच रायफलीत आखूड व हलकी किंवा लांब व जड गोळी घालता येऊ लागली. निवड आली तसा वादही आला. लंडनचे बंदूककार पर्डी यांनी १८५६ च्या सुमारास हलकी गोळी आणि पुष्कळ दारू असा मेळ घातला व त्याला धावत्या आगगाडीचे नाव दिले. तीच पुढे ‘एक्सप्रेस’ रायफल म्हणून गाजली. दूरच्या हरणावर ती उत्तम चाले, कारण गोळी फारशी खाली न पडता निशाणावर पोचे. पण टोकाशी पोकळ असलेली ती गोळी मोठ्या जनावराच्या कातड्याखाली फुटून जाई, मर्मापर्यंत पोचत नसे. सर सॅम्युअल बेकर यांनी १८९० सालच्या आपल्या ग्रंथात ह्या पोकळ गोळ्यांवर कडक टीका केली आणि भरीव शिशाच्या जड गोळीचा पक्ष घेतला.

ह्या वादातील शास्त्र तसे सोपे आहे. गुरुत्वाकर्षण जड गोळीला आणि हलक्या गोळीला सारख्याच त्वरेने खाली खेचते. हलकी गोळी वेगाने सुटते, म्हणून तिला खाली पडायला वेळ कमी मिळतो. शे-दीडशे यार्डांपर्यंत तिचा मार्ग अधिक सपाट असतो. परंतु हवेचा रोध तिचा वेग लवकर खातो. जड गोळी सुटते संथपणे, पण दमाने चालते. त्यातही नुसते वजन पुरत नाही; ते किती रुंद तोंडावर वाटले गेले आहे, हेही पाहावे लागते. जाड पळीपेक्षा सुई कापडात सहज शिरते, तसाच हा प्रकार.

धूर न करणारी कॉर्डाइट दारू आल्यावर वेग एकदम वाढले, नळ्या अरुंद झाल्या. मध्येच सरकारी फतव्याने ह्या इतिहासाला वळण दिले. सैन्याच्या जुन्या मार्टिनी बंदुकांना लागणारी गोळी बंडखोरांच्या हाती पडेल, ह्या धास्तीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात .४५० मापाच्या रायफली हिंदुस्थानात आणण्यास बंदी झाली. इंग्रज कारागिरांनी लगोलग .४६५, .४७० अशी शेजारची मापे काढली. कायद्याच्या एका कलमाने बंदुकीची नळी इंचाच्या काही शतांशांनी रुंद व्हावी, हे कचेरीतल्या माणसालाही गमतीचे वाटेल.

१९१२ साली हॉलंड आणि हॉलंड ह्या लंडनच्या पेढीने .३७५ मॅग्नम रायफल काढली. मॅग्नम हे मूळचे मद्याच्या थोरल्या बाटलीचे नाव. हिच्यासाठी तीन वजनांच्या गोळ्या मिळत: २३५, २७० आणि ३०० ग्रेन. तोळा १८० ग्रेनांचा धरला तर ह्या अनुक्रमे सव्वा तोळ्याहून किंचित अधिक, बरोबर दीड तोळा आणि पावणेदोन तोळ्यांस थोडी कमी अशा होतात. सर्वांत हलकी सेकंदाला सुमारे २८०० फूट वेगाने सुटे, सर्वांत जड सुमारे २५०० फुटांनी. हलकी हरणांसाठी, जड गवा-हत्तींसाठी, आणि लांब पल्ल्यावर मोठ्या सांबरासारख्या जनावरासाठी मधली, असा साधारण संकेत होता. मोकळ्या माळावर वा हिमालयाच्या उतारावर ही निवड खरोखर कामाची होती.

म्हैसूरच्या बांबूच्या बेटांत मात्र दोनशे यार्ड दिसतात कोठे? अँडरसन यांची आवडती रायफल .४०५ विंचेस्टर ही अमेरिकन बनावटीची होती. ती १९०४ साली बाजारात आली, आणि तिची गोळीही ३०० ग्रेनांचीच. परंतु तेच पावणेदोन तोळे येथे अधिक रुंद, बोथट तोंडावर पसरलेले, आणि वेग सेकंदाला २२०० फूट. लांब पल्ल्यावर मॅग्नमपुढे ती उणी पडणार, हे उघड आहे. पण मचाणावर रात्र काढून, रायफलीला बॅटरी बांधून, पंधरा-वीस यार्डांवर आलेल्या नरभक्षकावर बार टाकायचा तर ते उणेपण कोठे जाणवते? फोर्सिथ यांनी सातपुड्यात जे म्हटले होते, ते बंगळूरच्या दक्षिणेस निराळ्या शिशाने पुन्हा खरे ठरले.

प्रश्न केवळ शिकाऱ्याच्या यशाचा असता तर एवढा ऊहापोह व्यर्थ होता. पण चुकीच्या गोळीची किंमत बहुधा दुसरेच कोणी देत. कुमाऊँत जिम कॉर्बेट आणि दक्षिणेत अँडरसन, दोघांनीही नोंदविले आहे की पुष्कळ नरभक्षक हे आधी जखमी झालेले प्राणी होते. कोणाच्या पंजात साळिंदराचे काटे रुतलेले, तर कोणाच्या अंगात जुन्या बाराचे शिसे. पायात गोळी घेऊन निसटलेला वाघ सांबरामागे धावू शकत नाही. मग तो गुराख्याकडे वळतो. दूरवर पोचणारी पण खोल न शिरणारी गोळी उडवणारा साहेब मुक्काम हलवून निघून जाई. मागे राहत ते इरुळ आणि सोलिग पाड्यांतील लोक, ज्यांना मध गोळा करावयास आणि गुरे चारावयास त्याच रानात जावे लागे. जखमी जनावराचा माग काढून त्याला संपविल्याशिवाय शिकाऱ्याने परतू नये, हा जो दंडक अनुभवी शिकारी पाळीत, त्याचे कारण हेच होते.

अँडरसन यांचे पहिले पुस्तक, नऊ नरभक्षकांचे आणि एका मस्तवाल हत्तीचे, १९५४ साली प्रसिद्ध झाले. नंतरच्या पुस्तकांत त्यांच्यातला शिकारी हळूहळू मागे सरतो आणि रानात भटकणारा, तेथील माणसांत रमणारा गृहस्थ अधिक बोलू लागतो. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि शौकाच्या शिकारीचे युग देशात संपुष्टात आले. त्यानंतर दोन वर्षांनी अँडरसन निवर्तले. त्यांच्या बन्नेरघट्ट्याचे रान तोवर राष्ट्रीय उद्यान झाले होते.