सागरी दस्तक

सागरी दस्तक : विशिष्ट सागरी क्षेत्रातून गलबतास निर्वेध जाता यावे, म्हणून किनाऱ्यावरील सत्तेने शुल्क घेऊन दिलेला परवाना. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीजांनी हिंदी महासागरात ‘कार्ताझ’ नावाची परवानापद्धती सुरू केली. कार्ताझ नसलेले जहाज ते मालासह जप्त करीत. समुद्र सर्वांस मुक्त आहे, हा सिद्धांत ह्यूगो ग्रोशियसने १६०९ मध्ये मांडला. तथापि कोकण किनाऱ्यावर हा हक्क आरमाराच्या बळावरच ठरे. कान्होजी आंग्रे (मृ. १७२९) मराठ्यांच्या वतीने दस्तके देत व ती नाकारणारी जहाजे पकडीत. इंग्रजांनी त्यास चाचेगिरी म्हटले. वस्तुतः पोर्तुगीज बजावीत असलेलाच हा अधिकार होता.

पेठ वडगाव ज्यात मोडे, त्या घाटमाथ्यावरील कोल्हापूर राज्याचे सागरी द्वार मालवण हे होते. तेथील सिंधुदुर्ग इंग्रजांनी १७६५ मध्ये जिंकला व पुढील वर्षी तहान्वये परत केला. १८१२ च्या तहाने मात्र मालवण बंदर व सिंधुदुर्ग कंपनीकडे गेले आणि लढाऊ जहाजे न बाळगण्याचे बंधन कोल्हापूरकरांवर आले. त्यामुळे त्यांची सागरी सत्ता संपुष्टात आली.

१९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदाविषयक करारानुसार किनाऱ्यापासून कमाल १२ सागरी मैलांच्या प्रादेशिक समुद्रातून परकीय जहाजांस निरुपद्रवी गमनाचा हक्क आहे. लष्करी वा मुलकी विमानांस तो नाही. भारताच्या १९७६ च्या अधिनियमानुसार परकीय युद्धनौकांनी पूर्वसूचना देणे आवश्यक आहे. व्यापारी जहाजास आता दस्तक लागत नाही. मात्र सशस्त्र गमनावर किनाऱ्यावरील राष्ट्राचे नियंत्रण किती असावे, हा जुना वाद अद्याप मिटलेला नाही.