दुचाकीच्या ॲल्युमिनियम भागांचे क्षरण व दुरुस्ती

दुचाकीचा क्रँककेस, क्लच व मॅग्नेटची कव्हरे, सिलिंडर हेड, पुढच्या शॉकअपचे खालचे नळे, हब आणि अलॉय चाके ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंची असतात. त्यांवर धरणारी पांढरी भुकटी, डाग व खड्डे काढून भाग पुन्हा वापरण्याजोगा करणे हा या दुरुस्तीचा हेतू. पिंपरी-चिंचवडच्या पश्चिमेला, हिंजवडीच्या आयटी पार्कशेजारी वसलेल्या मारुंजीत (ता. मुळशी, जि. पुणे) असे क्षरण होण्याची कारणेही आहेत आणि ते दुरुस्त करून घेण्याची सोयही. बजाज ऑटोचा चाकणचा कारखाना 1999 मध्ये सुरू झाला, 2001 मध्ये त्यांची पल्सर ही मोटारसायकल आली. आकुर्डी, भोसरी व चाकणच्या मोठ्या कारखान्यांभोवती डाय-कास्टिंग, बफिंग, ब्लास्टिंग व पावडर कोटिंग करणारे लहान उद्योग वाढले. ज्या जुन्या गाडीचे सुटे भाग मिळेनासे झाले, तिच्या मालकाला यांचाच आधार असतो.

कारणे : उघड्या ॲल्युमिनियमवर हवेतील ऑक्सिजनमुळे क्षणात ऑक्साइडचा पापुद्रा येतो. तो काही नॅनोमीटर जाडीचाच, पण धातूला घट्ट धरून राहतो आणि खालच्या धातूचे रक्षण करतो. लोखंडाच्या गंजासारखे त्याचे पोपडे निघत नाहीत. मात्र पाण्याचा सामू साधारण 4 ते 8.5 या मर्यादेबाहेर गेला की पापुद्रा विरघळू लागतो, आणि मिठाचा अंश असला तर तो जागोजागी फुटून खड्डे पडतात. इंजिनाची कव्हरे बहुधा एडीसी-12 सारख्या ओतीव मिश्रधातूची असतात. त्यात सुमारे 10 ते 12 टक्के सिलिकॉन व 1.5 ते 3.5 टक्के तांबे असते. सिलिकॉनमुळे साच्यात ओतणे सोपे जाते, तांब्याने ताकद वाढते. पण त्याच तांब्यामुळे क्षरणाला तोंड देण्याची क्षमता घटते.

मारुंजीसारख्या गावात सर्वांत दुर्लक्षित कारण सिमेंट हे आहे. चहूबाजूंनी इमारतींची कामे, रस्त्यावर रेडीमिक्सच्या गाड्या आणि पावसाळ्यात सिमेंट मिसळलेला चिखल. ताज्या काँक्रीटमधून झिरपणाऱ्या पाण्याचा सामू 12 च्या वर असतो. तळघरातल्या पार्किंगमध्ये स्लॅबच्या सांध्यातून असे थेंब महिनोन्महिने एकाच जागी पडत राहिले, तर क्लच कव्हरवर चुन्याचे कडक पांढरे कडे दिसते आणि कड्याच्या आत लॅकर उडून राखाडी, खरखरीत झालेला धातू. वाहनांच्या भागांची नेहमीची क्षरणचाचणी मिठाच्या फवाऱ्यात होते (5 टक्के मीठ, 35° से.). ते पाणी उदासीन असल्याने या माऱ्याचा अंदाज त्या चाचणीतून येत नाही.

दगड लागून कारखान्यातले पारदर्शक लॅकर एका जागी फुटले, तर ओल त्याच्याखाली शिरून केसांसारख्या वाकड्यातिकड्या रेषा पसरतात. अशा कव्हरवर वरून कितीही पॉलिश घासले तरी फुकट. आधी सगळे लॅकर उतरवावे लागते.

भाग उतरवणे : बहुतेक नुकसान साफसफाईत नव्हे, खोलण्यात होते. पोलादी स्क्रू व ॲल्युमिनियम यांच्यामध्ये ओल आली की ॲल्युमिनियम झिजते आणि भुकटी आट्यांत ठासून बसते. स्क्रूड्रायव्हरने जोर केला तर डोके गोल होते. भेदक तेल सोडून रात्रभर ठेवावे, हॉट एअर गनने कव्हर तापवावे व इम्पॅक्ट ड्रायव्हरवर हातोडीचा नेमका ठोका द्यावा. ॲल्युमिनियम उष्णतेने पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे आटे सैल होतात. आटे गेलेच तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवतात. फुटलेला कान आर्गन वेल्डिंगने भरता येतो.

स्वच्छता : प्रथम रॉकेल किंवा डीग्रीझरने तेल-चिखल काढून भाग धुतात. चुन्याचे डाग व भुकटी यांवर सायट्रिक ॲसिडचे सौम्य द्रावण काही मिनिटे लावून नायलॉनच्या ब्रशने घासावे, भरपूर पाण्याने धुवावे आणि लगेच कोरडे करावे. तारेचा लोखंडी ब्रश टाळावा. त्याचे कण धातूत रुतून पुढे तांबूस डाग पडतात.

कॉस्टिक सोड्याचा उपाय सर्रास सांगितला जातो. तो चुकीचा आहे. कॉस्टिक मळाबरोबर धातूही खातो, ज्वालाग्राही हायड्रोजन सुटतो, आणि न विरघळणारे सिलिकॉन व तांबे वर राहून भाग काळा पडतो. कार्ब्युरेटर पुष्कळदा जस्ताच्या मिश्रधातूचा असतो. तो तर कॉस्टिकात मुळीच बुडवू नये. संडास साफ करण्याचे ॲसिडही वर्ज्य, कारण त्यातील क्लोराइडने नवे खड्डे पडतात. हायड्रोफ्लोरिक ॲसिड असलेले क्लीनर कातडीतून खोल शिरतात व वेदना उशिरा सुरू होतात, म्हणून घरी वापरूच नयेत.

खोल खड्ड्यांसाठी काचेच्या मण्यांचे ब्लास्टिंग करतात. त्याआधी बेअरिंगच्या जागा, गॅस्केटचे पृष्ठभाग व तेलाच्या वाटा बंद कराव्या लागतात. वाटेत राहिलेला एक मणीही बेअरिंग खराब करू शकतो. आरशासारखी चकाकी हवी असल्यास 320 पासून 1200 नंबरपर्यंतचे वॉटर पेपर क्रमाने, मग सुती चाकावर बफिंग. पण गॅस्केटच्या पृष्ठभागाला बफ लावू नये. कडा गोल होऊन तेल गळू लागते. चकाकीपेक्षा हा सपाटपणा महत्त्वाचा. बफिंगची ॲल्युमिनियम धूळ पेट घेऊ शकते. लोखंड घासण्याचे चाक व हे चाक वेगळेच ठेवावे.

संरक्षण : घासलेला भाग उघडा ठेवला तर पहिल्याच पावसाळ्यात निस्तेज होतो. कव्हरांवर लॅकर किंवा पावडर कोटिंग चालते. सिलिंडरवर साधे लॅकर जळते, तेथे उष्णतारोधक रंग हवा. सिलिकॉन जास्त असलेल्या ओतीव भागांवर ॲनोडायझिंग करून घेऊ नये. रंग करडा व डागाळलेला येतो. स्क्रू पुन्हा बसवताना आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारे वंगण) लावावे.

अलॉय चाकांचा प्रश्न वेगळा आहे. टायरची कड जेथे टेकते तेथे भुकटी साचली की ट्यूबलेस टायरची हवा हळूहळू जाते. ती जागा बारीक पेपरने साफ करून सील करता येते. पण खड्डा खोल असेल किंवा तडा दिसत असेल, तर वेल्डिंग न करता चाक बदलावे. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूच्या धातूची ताकद उतरते आणि ते बाहेरून दिसत नाही.